पळसगावचे यशवंतराव

गोवा हायवेनं गावी जाताना माणगावला थांबणं होतंच. या वेळी चहा झाल्यावर मुलीला घेऊन मुद्दाम नाईक यशवंत घाडगे यांच्या पुतळ्यापाशी गेलो. त्यांना मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसचं, म्हणजे ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाचं, सांगितल्यावर तिनं सरळ विचारलं, "बाबा, हे पदक तर इंग्रजांचं. मग हे कुणासाठी लढले?"

तिथे मला नीट बोलता आलं नाही. म्हणून हे लिहितोय.

यशवंतराव माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. जन्म १९२१चा. तेव्हाच्या कोकणात शेतीवर वर्ष निघायचं नाही. घरातला एखादा मुंबईला गिरणीत जायचा, नाहीतर पलटणीत. हे पलटणीत गेले, मराठा लाइट इन्फन्ट्रीत, आणि तिथून थेट इटलीत. जून १९४४ मध्ये रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती आलं होतं. जर्मन फौज डोंगराडोंगरावर मशीनगन लावून, लढत लढत उत्तरेकडे सरकत होती.

१० जुलै १९४४. टायबर नदीचं वरचं खोरं. यशवंतरावांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सेक्शन म्हणजे आठ-दहा माणसं. एकाच ताटात जेवलेली, एकमेकांची पत्रं वाचून दाखवणारी. ती सगळी मेली किंवा जखमी होऊन पडली. उभे राहिले एकटे यशवंतराव. मागे फिरले असते तर कुणी बोट दाखवलं नसतं. ते पुढे धावले. ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही उडवले. एकाला गोळी घातली. आणखी दोघं उरले होते आणि मॅगझिन रिकामं. ते बदलायला दोन-चार सेकंद लागतात. तेवढेही त्यांच्यापाशी नव्हते. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि त्या दोघांना दस्त्यानंच संपवलं. मग लपून बसलेल्या एका जर्मन नेमबाजाची गोळी लागली.

वय बावीस. आमच्या आळीतली बावीस वर्षांची पोरं अजून परीक्षेचे फॉर्म भरताहेत.

व्हाइसरॉयच्या हातून ते पदक घ्यायला त्यांची बायको उभी राहिली. तिचं वय काय असेल, या विचारानं माझ्या पोटात कालवतं.

"इंग्रजांचे भाडोत्री शिपाई" हे शब्द मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकलेत. मला ते सहन होत नाहीत. हो, राज्य परक्याचं होतं. त्याच जुलैत तिकडे इंफाळच्या आघाडीवरून आझाद हिंद सेनेचे जवान चिखलातून, उपाशीपोटी माघारी येत होते. तेही आपलेच. या दोघांना एकमेकांसमोर उभं करून कोण मोठा हे ठरवायची माझी लायकी नाही. पण यशवंतरावांच्या समोर हिटलरची फौज होती, हे तरी विसरू नका. ती हरली हे जगाचं भाग्य, आणि ती हरावी म्हणून इटलीत ५,७८२ भारतीय सैनिक मेले. तिथल्या लढायांत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे आहेत. त्यातला आणखी एक आपल्याच मराठा रेजिमेंटच्या नामदेव जाधवांचा. किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

इटलीतल्या मोंतोने गावानं २०२३ मध्ये यशवंतरावांच्या नावानं एक स्मारक उभारलं. सूर्यघड्याळ आहे ते. वर लॅटिनमध्ये कोरलंय, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. ज्यांच्या मातीत हा कोकणातला पोर पडला, त्यांना त्याची सावली मोजावीशी वाटली. आपल्यासाठी तो पुतळा म्हणजे बहुतेक वेळा रिक्षावाल्याला सांगायची खूण. मीसुद्धा इतकी वर्षं त्याच रस्त्यानं गेलो आणि पुतळ्यापाशी थांबलो नाही. याची मला लाज वाटते.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पलटणीत गेले ते घरासाठी. पण त्या दिवशी धावले ते आजूबाजूला पडलेल्या आपल्या माणसांसाठी, असं मला मनापासून वाटतं.

येत्या १० जुलैला आम्ही दोघं पुन्हा जाणार आहोत. या वेळी माणगावला न थांबता पुढे, पळसगावपर्यंत. पाऊस असेल, असू दे.