अपग्रेडनंतर स्क्रीन काळी पडली? नोमोडसेट आणि रन फाइलच्या वाटेला जाऊ नका

लिनक्स अपग्रेड केल्यावर स्क्रीन काळी पडली की हा सल्ला हमखास पुढे येतो: "ग्रबमध्ये नोमोडसेट कायमचं टाका, बिघडलेला ड्रायव्हर काढा आणि एनव्हिडियाच्या साइटवरची रन फाइल बसवा." ग्रब म्हणजे संगणक सुरू होताना कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडू देणारा मेनू, नोमोडसेट म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरला पडद्याचा ताबा घेऊ न देणारा बूटचा पर्याय आणि रन फाइल म्हणजे ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाचा स्वतंत्र इन्स्टॉलर. या सल्ल्यातला प्रत्येक भाग नुकसान करतो.

"नोमोडसेट कायमचं टाका." त्याने चित्र दिसतं खरं, पण ते प्रोसेसर रंगवत असतो. रिझोल्यूशन अडकतं, दुसरा मॉनिटर बहुधा लागत नाही, व्हिडिओ अडखळतो. सेटिंग्जमध्ये ग्राफिक्ससमोर 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर कार्डाला कामच नाही असं समजा. नोमोडसेट फक्त एका बूटपुरतं वापरा: ग्रबच्या यादीत 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ते लिहा, मग कंट्रोल-एक्स. एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर तर कर्नल आणि मेसा या ग्राफिक्स लायब्ररीमध्येच येतात. तिथे बाहेरून काही आणायची गरज नसते.

"ड्रायव्हर बिघडला." बहुतेक वेळा एनव्हिडियाचा ड्रायव्हर शाबूत असतो, नव्या कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल (कर्नलमध्ये लोड होणारा भाग) तेवढं बनलेलं नसतं. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट टर्मिनलवर लॉगिन करा. 'युनेम -आर'ने चालू कर्नलचा नंबर पाहा आणि 'डीकेएमएस स्टेटस'मध्ये (डीकेएमएस हे नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बनवणारं साधन) त्याच नंबरासमोर 'इन्स्टॉल्ड' आहे का ते तपासा. नसेल तर आधी त्या कर्नलचं हेडर्स पॅकेज (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइल्स) शोधा. अपग्रेडमध्ये नेमकं तेच राहून जातं. ते बसवून 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल' चालवा. कंपाइल करतानाच एरर आली, तर ड्रायव्हर कर्नलच्या मागे पडलाय. नवी आवृत्ती येईपर्यंत ग्रबच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुन्या कर्नलवर राहा.

'इन्स्टॉल्ड' आहे, तरी लोड होत नाही? मग सिक्युअर बूटकडे (ओळखीची सही नसलेलं मॉड्यूल लोड होऊ न देणारी सुरक्षा) बघा. 'सुडो मोडप्रोब एनव्हिडिया' चालवलं की 'की वॉज रिजेक्टेड' ही एरर दिसेल. मॉड्यूलवर सही करणारी की 'मोकयुटिल'ने इम्पोर्ट करा, पासवर्ड ठरवा, रीबूट करा. निळ्या पडद्यावर 'एनरोल मोक' (ती की नोंदवण्याचा पर्याय) निवडून तोच पासवर्ड द्या. हा पडदा थोडाच वेळ थांबतो. तो निसटला तर इम्पोर्ट पुन्हा करावं लागतं.

"रन फाइल बसवा." तिने टाकलेल्या फाइल्सचा पॅकेज मॅनेजरला पत्ताच नसतो. पुढच्या अपडेटमध्ये लायब्ररी एकमेकींवर लिहिल्या जातात आणि डीकेएमएसला होकार दिला नसेल तर दर नव्या कर्नलला तीच कसरत. आधीच बसवली असेल तर 'सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल' चालवून तुमच्या डिस्ट्रोचंच (उबंटू, फेडोरा वगैरेंचंच) पॅकेज घ्या. सगळ्यात नवा ड्रायव्हर मात्र आंधळेपणाने घेऊ नका: एनव्हिडियाच्या जुन्या पिढ्यांपैकी केप्लर कार्डांसाठी 470, तर मॅक्सवेल आणि पास्कलसाठी 580 ही शेवटची मालिका आहे. त्यापुढचा ड्रायव्हर ही कार्डं चालवत नाही.