गूळ-मिठाचं पाणी : ‘अंदाजे’ नव्हे!

‘बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने आयांना बाळाच्या जुलाबावर अंदाजे मीठ-गूळ पाण्यात कालवायला सांगितलं आणि सलाइनची गरजच संपली’ असा मेसेज फिरतोय. अर्धवट आहे. १९८० पासून ब्रॅकच्या बायका घरोघर गेल्या, पण शिकवलं ते मापच : अर्धा शेर (साधारण अर्धा लिटर) पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ. आईच्या हातून करवून घ्यायच्या. पुढे तपासनीस येई. आईला जितकं आठवे, त्यावर शिकवणारीचा मोबदला ठरे. (मला ही युक्ती मिठाइतकीच महत्त्वाची वाटते.) मीठ जास्त झालं तर बाळाला अपायच. आणि बाळ पिईनासं, सुस्त झालं तर सलाइन लागतंच. आपल्याकडे ओआरएसची (जुलाबात पाण्यात कालवून द्यायच्या मीठ-साखरेची) पुडी मिळते; पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या.