दोन्ही बल्ब एकदम जातात होय रे?

गाडीचा दिवा बंद पडला की आमच्या म्हापशातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं निदान बॉनेट उघडायच्या आधीच तयार असतं. "बल्ब गेलो रे पात्राव", म्हणजे मालक, बल्ब गेला. झालं! नवे बल्ब, पैसे, नमस्कार. चार दिवसांनी पुन्हा काळोख, पुन्हा तोच "बल्ब गेलो".

आता डोकं का फिरलं ते ऐका. बेळगावहून चोर्ला घाटाने रात्री परत येत होतो. जुलैचा पाऊस, धुकं, वळणावर वळण, आणि मध्येच हेडलाइटचे दोन्ही डिपर, म्हणजे खाली रस्त्यावर पडणारा उजेड, गुल. एक नाही, दोन्ही, एकाच क्षणी. लांबवर पडणारा अप्पर मात्र लख्ख. म्हणजे केरीपर्यंत अख्खा घाट अप्परवर उतरायचा, आणि समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला फ्लॅश मारून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करणार. त्याचं तरी काय चुकलं? त्याला वाटणार, हा शहाणा मुद्दाम डोळ्यांत उजेड मारतोय.

अरे, एच-फोर म्हणजे हेडलाइटच्या या हॅलोजन बल्बमध्ये फिलामेंट (पेटणाऱ्या तारा) दोन असतात, डिपरची वेगळी आणि अप्परची वेगळी, आणि अर्थिंगची पिन दोघींना एकच. अप्पर पेटतोय म्हणजे तो अर्थ शाबूत आहे. उरल्या डिपरच्या फिलामेंटी. त्या डाव्या-उजव्या मिळून एकाच सेकंदाला उडाल्या? दोघींनी मुहूर्त काढला होता काय? दोन्ही बाजू एकदम गेल्या की दोष जिथे दोघांची वाट एक असते तिथे शोधायचा. फ्यूज, रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), स्टिअरिंगखालचा दिव्यांचा कॉम्बिनेशन स्विच. डिपरला डावी-उजवीकडे वेगळे फ्यूज असले तर तिथला संशयही कमी होतो. एवढं समजायला आयटीआय कशाला लागतं?

दुसऱ्या एकाकडे गेलो तर तो मोठा शास्त्रज्ञ. बल्ब काढून होल्डरला मीटर लावला, बारा व्होल्ट दिसले, म्हणाला, "करंट येता मरे, बल्बच गेला." बाबा, जळून एका तंतूवर टिकलेली वायरसुद्धा रिकाम्या मीटरला बारा व्होल्ट दाखवते! बल्ब लावून, लोड देऊन बघ, मग कळेल किती उरतात ते. ऐकतोय कोण? वर ग्रीसने माखलेल्या अंगठ्याने हॅलोजनची काच धरून बसवली. काचेला तेल लागलं की तिथे ती जास्त तापते आणि बल्ब खरोखरच लवकर जातो. म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकीची सोय आजच.

शेवटी मामांनी स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं. मामांनी उभी हयात खाणीवरचे ट्रक चालवले, मीटरबीटर काही नाही, दोन वायरी जोडलेला एक साधा टेस्ट लॅम्प. स्विचच्या वायरी जोडणारा कपलर हातात आला तो असा: पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन एका कोपऱ्यात वितळलेलं, डिपरची पिन काळी ठिक्कर, आणि जळक्या प्लास्टिकचा वास. मामांनी तो कपलर नुसता दाबून धरला तर दोन्ही डिपर पेटले. सोडला, गेले. हेच होतं "बल्ब गेलो".

आणि तो जळला का? कारण त्याच म्हापशाच्या महाभागाने "उजेड बरो पडटा" म्हणून 60/55 वॅटच्या (पहिला आकडा अप्परचा, दुसरा डिपरचा) जागी 100/90 चे बल्ब ठोकले होते. डिपरवर दोन बल्ब 55 चे असतील तर साधारण नऊ अँपिअर लागतात, 90 चे असतील तर पंधरा. जुन्या गाडीत हा सगळा करंट रिलेशिवाय त्या चिमुकल्या स्विचमधून जातो. जळणार नाही तर काय होणार! जास्त वॅटचे बल्ब लावायचेच तर बॅटरीपासून जाड वायर आणि रिले टाकायला हवी होती, हे गिऱ्हाइकाने सांगायचं की इलेक्ट्रिशियनने?

मामांनी नवा कपलर, रिले आणि साधे 60/55 बसवले, खर्च त्या सगळ्या बल्बांच्या निम्माही नाही. मी तडक म्हापशाला गेलो आणि माझे "गेलेले" बल्ब परत मागितले. म्हणे फेकले. फेकले, की दुसऱ्या कोणाच्या गाडीत नवे म्हणून घातले, ते म्हापशाच्या देव बोडगेश्वरालाच ठाऊक.