रोडगे पार्टीतही साहेब कसं राहावं

अभिनंदन! तुम्ही साहेब झालात. केबिन मिळाली, दारावर पाटी लागली आणि बघता बघता डिसेंबर आला. म्हणजे शेतात रोडगे भाजून खायची ऑफिसची रोडगे पार्टी आली. नागपूरच्या काटोल रोडवर कोणाच्या तरी साळ्याचं शेत, संत्र्याची झाडं, गोवऱ्यांचा धूर आणि तुमच्या हाताखालची सगळी माणसं मफलर गुंडाळून चक्क हसताना. वर्षभर राखलेला दरारा एका दुपारीत मातीत जाण्याची हीच जागा. तेव्हा जरा जपून.

बाकीची मंडळी सकाळीच पोचून कणीक मळत असतील, वांगी चिरत असतील. तुम्ही दीडला या. लवकर आलात तर कोणीतरी हातात लसणाची वाटी देईल, "साहेब, बसल्या बसल्या सोला ना जरा." एकदा सोबत बसून लसूण सोलला, की सोमवारी त्याच माणसाला मेमो कोणत्या तोंडानं देणार? आणि किती थांबायचं, याचा धडा आपल्या शहरातच आहे. १९५३ च्या नागपूर करारात ठरल्याप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी इथे भरतं. मोठी माणसं थंडीत येतात, विदर्भाबद्दल कळकळ व्यक्त करतात, संत्रा बर्फीचे डबे घेतात आणि आपल्याला स्वेटर धुवायला टाकायची वेळ येण्याआधी मुंबईला परततात. त्या मानानं तुम्हाला दोन तास म्हणजे डोक्यावरून पाणी.

बसायचं कुठे हा प्रश्न पडणार नाही. सगळ्यांसाठी सतरंजी असेल आणि एकाच प्लास्टिकच्या खुर्चीवर टॉवेल टाकलेला असेल. ती तुमची. (टॉवेल कोण घरून आणतो, हे लक्षात ठेवा. इन्क्रिमेंटच्या वेळी तो स्वतःच आठवण करून देईल.) कोणी गप्पा मारायला सरकलंच तर फोन कानाला लावून संत्र्याच्या ओळींतून फेऱ्या मारा. नेटवर्क नसलं तरी बिघडत नाही. मधूनमधून "मुंबईशी बोलून घेतो" एवढं मोठ्यानं म्हटलं की पुरे.

खरी कसोटी पंगतीत. रोडगा हा पदार्थच मुळात हुद्दा न मानणारा. कणकेचा घट्ट गोळा, निखाऱ्यात भाजून वरून काळपट झालेला. राख झटकायची, दोन्ही हातांनी तो फोडायचा, मुठीनं कुस्करायचा, वर तुपाची धार सोडायची आणि वरण नाहीतर वांग्याची भाजी ओतून कालवायचा. बोटांमधून तूप मनगटाकडे निघालं की बरोबर जमलं समजायचं. आता अशा हातानं तुम्ही कोणाकडे बोट दाखवून रागावणार? एका साहेबांनी यावर उपाय म्हणून काटा-चमचा मागवला होता. शेतात काटे फक्त बाभळीचे होते. मग नुसत्या चमच्यानं सुरुवात झाली, रोडगा ताटातून टुणकन उडाला तो थेट ऑडिटवाल्या मॅडमच्या वरणात. सगळे हसू दाबून खाली बघत जेवले. तेव्हापासून त्या ऑफिसात साहेब "उपास आहे" म्हणून केळं खातात. तुम्हीही तेच करा. सावजी रस्सा असेल तर केळंही लांब बसून खा. तिसऱ्या घासाला नाक वाहायला लागतं आणि नाक पुसत पुसत टार्गेटबद्दल बोललेलं कोणी मनावर घेत नाही.

जेवणानंतर नकला होतील. तुमची होणारच. ज्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत मागे बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, निघतात आणि भल्याभल्यांची भर रस्त्यात टर उडते, तिथल्या स्टाफला तुमची चाल उचलायला कितीसा वेळ लागणार? मोजून दोनदा हसा. नाव मात्र लिहून ठेवा.

मग भाषण. "आपण सगळे एक कुटुंब आहोत" हे वाक्य उभं राहून, माईकवरच म्हणायचं. सतरंजीवर बसून म्हटलं तर लोक खरं मानतील. या कुटुंबातल्या अर्ध्या माणसांची नावं तुम्हाला येत नसतील, तर त्यांना "बेटा" म्हणा. निवृत्तीला आलेल्यांना म्हणू नका, बस.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, तुम्ही फार जवळ यावं अशी स्टाफचीही काही इच्छा नसते. तुम्ही शेजारी बसलात की घास घशात अडकतो, शिव्या गिळाव्या लागतात, व्हॉट्सॲपवरच्या तुमच्याशिवायच्या ग्रुपमध्ये फोटो टाकता येत नाही. त्यांचं दुखणं वेगळंच आहे. प्रत्येकी पाचशे रुपये वर्गणी निघते आणि तुमचे पाचशे बाकीच्यांत वाटून भरले जातात, शिपाईभाऊंकडूनही. पण हा विषय तुमच्या कानावर येणार नाही, कारण तेव्हा तुम्ही मुंबईशी बोलत असाल.

निघताना डिक्कीत संत्र्याची पेटी ठेवलेली असेल. "अरे, हे कशाला?" एवढं म्हणा आणि काच वर करा. गाडी डांबरी रस्त्याला लागेपर्यंत मागे वळून बघू नका, कारण तेवढ्यात कोणीतरी ओरडतं, "गेले रे बाप्पा! काढा आता तो दुसरा गंज." (गंज म्हणजे आपलं पातेलं.) दुसऱ्या गंजात मटण असतं.

सोमवारी सकाळी सगळ्यांना मेल टाका की रविवारच्या कार्यक्रमानं टीम स्पिरिट वाढलं. कालची सुट्टी तर त्यातच गेली, मग बदली सुट्टी मिळेल का, असं कोणी विचारलंच तर प्रेमानं सांगा, "बेटा, घरच्या कार्याला कोणी सुट्टी मागतं का?"