गिरण्या एकट्या सामंतांनी बुडवल्या?

मुंबईचा गिरणी संप सुरू झाला ती १८ जानेवारी आली की तोच मजकूर फिरायला लागतो: 'कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांनी १९८२ मध्ये अडीच लाख कामगारांना फूस लावून संपावर नेलं. ते नसते तर गिरणगावात आजही भोंगे वाजले असते.' यंदा तो आमच्या लालबागच्या चाळीच्या ग्रुपवरही आला. ज्यांच्या घरचा माणूस त्या संपात होता, त्यांनीच पुढे पाठवला. फार वाईट वाटलं.

'फूस लावून नेलं' हे आधी घेऊ. माझे आजोबा साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, बदली कामगार होते. पाळीच्या आधी गेटवर उभं राहायचं. कोणी गैरहजर असेल तर काम, नाही तर डबा तसाच उचलून घरी. अशी अकरा वर्षं गेली. गाऱ्हाणं सांगायचं तरी कुणाकडे? १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने सगळ्या गिरण्यांसाठी बोलायचा हक्क एकाच 'प्रातिनिधिक' युनियनला दिलेला. कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला, तरी करार तिच्याशीच. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून भडका उडाला, तेव्हा कामगारच घाटकोपरला डॉक्टरांच्या दारात जाऊन बसले. आजोबा म्हणायचे, "ते नव्हते आले आमच्याकडं, आम्ही गेलो होतो."

आणि 'ते नसते तर'? अहमदाबादेत सामंत नव्हते, असा संपही नव्हता. तिथल्या गिरण्याही ऐंशीच्या दशकातच धडाधड बंद पडल्या. इकडे मालक संपाआधीपासून भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड काढून घेत होते. संपात तीच सोय त्यांच्या कामाला आली.

डॉक्टरांच्या चुका झाल्या, मोठ्या झाल्या. सगळ्या गिरण्या एकदम बाहेर काढल्या, माघारीची वाट ठेवली नाही, सरकार नमेल हा अंदाज साफ चुकला. पण इतर कारखान्यांत मालकांना करार करायला लावणारा हाच माणूस इथे अडला, कारण इथे त्यांच्याशी करार करायला कायद्यात जागाच नव्हती. १९८४ मध्ये, ऐन काँग्रेसच्या लाटेत, गिरणगावाने त्यांना लोकसभेत पाठवलं. कायदा तसाच राहिला.

जमिनींचं तर त्या मजकुरात नावच नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जागा विकायला परवानगी दिली: साधारण एक तृतीयांश पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियम बदलून ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती ठेवली. शेडखालची जमीन वाटणीतून सुटली. तेव्हा डॉक्टरांचा खून होऊन चार वर्षं झाली होती.