अतिवृष्टीग्रस्त विद्यार्थ्यांना सरसकट रोख रक्कम मिळणार, हा संदेश चुकीचा

अतिवृष्टीने बाधित तालुक्यांतील प्रत्येक महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या खात्यात थेट रोख रक्कम जमा होणार असून त्यासाठी सोबतच्या लिंकवर आधार क्रमांक व नोंदणी शुल्क भरावे, असा संदेश जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत व्हॉट्सॲपवर फिरत आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत मृत्यू, जखमी, घरांची पडझड, जनावरे आणि शेतीपिके यांसाठी मदत ठरलेली आहे. केवळ विद्यार्थी म्हणून कोणाला रोख रक्कम देण्याची त्यात तरतूद नाही. पिकाचे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाल्यास कोरडवाहू क्षेत्रासाठी हेक्टरी ८,५०० रुपये हा त्यातील दर असून, पंचनाम्यानंतर ती मदत खातेदार शेतकऱ्याला मिळते, त्याच्या मुलाला वेगळी नव्हे.

गोंधळ बहुधा परीक्षा शुल्कमाफीवरून झाला असावा. दुष्काळ किंवा आपत्ती जाहीर झालेल्या भागांसाठी शासन ज्या सवलती देते, त्यांत ही माफी असते. मात्र ती त्या भागापुरती आणि शासन आदेशानुसारच लागू होते, म्हणून तिची खात्री महाविद्यालयाच्या कार्यालयातच करावी. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा आपत्तीशी संबंध नाही. तिचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. अनोळखी लिंकवर शुल्क भरले असल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर तातडीने तक्रार नोंदवावी.