डिप्रेशन पोटात तयार होतं म्हणे! केळीवाल्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या महिन्यात ती पोस्ट मला पाच ग्रुपवर आली. माहेरचा ग्रुप, सासरचा, सोसायटीचा, शाळेतल्या मैत्रिणींचा आणि कहर म्हणजे आमच्या केमिस्ट लोकांच्या ग्रुपवर पण. ज्यांच्याकडे अजून पोचली नसेल (भाग्यवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: सेरोटोनिन नावाचं आनंदाचं हार्मोन ९५ टक्के पोटात बनतं, म्हणून डिप्रेशन आणि एंग्झायटी हे डोक्याचे नाही तर पोटाचे आजार आहेत, रोज दोन केळी खा, साखर-मैदा आणि कांदा-लसूण बंद, मीठ अगदी नावाला, परदेशात सिद्ध झालंय की जेवण गोळीपेक्षा भारी, २१ दिवसांत गोळ्या फेकून द्याल. खाली हात जोडलेले आणि "पुढे पाठवा, कुणाचं तरी भलं होईल".

मी डॉक्टर नाहीये. मेडिकलवर बसते, सतरा वर्षं झाली. कुणाच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, कोण कुठल्या तारखेला येतं हे तोंडपाठ होतं. आणि त्या पोस्टनंतर एक नेहमीच्या काकू त्यांच्या तारखेला आल्याच नाहीत, म्हणून हे एवढं लिहितेय.

तर पहिलं, ९५ टक्के पोटात. हे खरंय बरं का! आकडा कुणी ९० सांगतं कुणी ९५, पण शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्याच्या अस्तरातल्या पेशीच बनवतात. आता ते तिथे करतं काय? आतडी हलवतं. मळमळ, उलटी, जुलाब ह्यात त्याचा हात असतो, रक्तात गेलं की प्लेटलेट्स ते उचलतात आणि रक्त गोठायला ते कामी येतं. लहान मुलांना उलट्या झाल्या की आपण ऑन्डान्सेट्रॉनचं औषध देतो ना, ते सेरोटोनिनचाच रस्ता अडवतं. पोटातलं सेरोटोनिन म्हणजे आनंद असता तर ते औषध घेतलेलं प्रत्येक पोर कोपऱ्यात जाऊन रडत बसलं असतं. आणि डिप्रेशनची गोळी सुरू केल्यावर पहिले काही दिवस मळमळतं अशी तक्रार घेऊन कितीतरी जण काउंटरवर येतात, त्याचं कारण पण हेच, गोळीचा परिणाम आतड्यातल्या सेरोटोनिनवर पण होतो.

मेन गोष्ट पोस्टमध्ये नाहीच आहे. रक्त आणि मेंदू ह्यांच्यामध्ये एक कडक बंदोबस्त असतो आणि पोटातलं सेरोटोनिन त्यातून आत जाऊ शकत नाही. मेंदू त्याचं त्याचं सेरोटोनिन घरच्या घरी बनवतो. त्यात परत "सेरोटोनिन कमी म्हणजे डिप्रेशन" हे गणितच इतकं सरळ नाही, २०२२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी आधीचे सगळे अभ्यास चाळले तेव्हा त्याला ठोस पुरावा सापडला नाही (ह्याचा अर्थ गोळ्या काम करत नाहीत असा नाही, क्रोसिनने डोकं उतरतं म्हणजे अंगात क्रोसिन कमी होती असं थोडीच असतं). पोट आणि मन ह्यांचं नातं आहेच, ते आपल्या भाषेलाही माहितीये, परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येतो तो काय उगाच? पण नातं आहे म्हणजे सगळा आजार पोटात ढकलून मोकळं व्हायचं का?

केळ्याचं तर अजूनच सोपं आहे. केळ्यात सेरोटोनिन असतं, खरंच असतं, पण ते पण त्याच बंदोबस्तात अडकतं. मग कुणीतरी हुशार म्हणतो की केळ्यात ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो ॲसिड (प्रोटीनचा एक तुकडा) असतं ज्यापासून मेंदू सेरोटोनिन बनवतो. असतं, पण थोडंसंच, त्यापेक्षा दूध, डाळ, शेंगदाणे, अंडी ह्यात बरंच जास्त. आणि जास्त खाल्लं की जास्त आत गेलं असंही होत नाही, कारण मेंदूत शिरायचा दरवाजा एकच आणि प्रोटीनमधली बाकीची अमिनो ॲसिड्स पण त्याच दरवाजात, सणाच्या दिवशी एसटीत चढताना जी रेटारेटी होते तसंच. केळं खा, चांगलं फळ आहे, फक्त औषध म्हणून खाऊ नका.

कांदा-लसूण. ह्यासाठी पोस्टमध्ये गीतेचा दाखला दिलाय. सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस, तामस आहाराचे श्लोक आहेत, काढून वाचा, त्यात कांद्याचं नाव नाही आणि लसणाचं पण नाही. ज्यांना श्रद्धेने खायचा नाही त्यांनी नका खाऊ, विषय संपला.

साखरेच्या बाबतीत पोस्ट अर्धी बरोबर आहे. गोड खाल्लं की मूड येतो ही समजूत आहे, पण २०१९ मध्ये ३१ अभ्यास एकत्र करून पाहिलं तर साखरेने मूड सुधारलेला दिसला नाही, उलट अर्ध्या तासात थकवा जास्त आणि तासाभरात तरतरी कमी. साखर कमी करा, डायबिटीससाठी तर कराच. पण २१ दिवसांत एंग्झायटी बंद? हा २१ चा आकडा कुठून येतो देव जाणे, प्रत्येक फॉरवर्डमध्ये २१ च दिवस असतात.

आता "परदेशात सिद्ध झालंय" ह्यावर जरा थांबते, कारण ज्यावरून हे पसरलं तो अभ्यास खरा आहे आणि चांगला आहे. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका ह्यांच्या टीमने केलेला, २०१७ मध्ये छापून आला, नाव स्माइल्स. डिप्रेशन असलेली ६७ माणसं, १२ आठवडे. एका गटाला आहारतज्ज्ञाबरोबर सात बैठका, भाज्या, फळं, कडधान्यं, मासे, सुकामेवा, ऑलिव्ह ऑईल असं जेवण. दुसऱ्या गटाला कुणीतरी येऊन गप्पा मारायचं. शेवटपर्यंत टिकलेल्यांपैकी जेवणाच्या गटातल्या ३२ टक्के लोकांचं डिप्रेशन उतरलं, दुसऱ्या गटातल्या ८ टक्के. भारीच आहे ना? पण आता हे बघा. त्या ६७ पैकी ४६ जणांच्या गोळ्या चालू होत्या! काही जण त्याबरोबर समुपदेशनही घेत होते. म्हणजे जेवण हे गोळीच्या जोडीला होतं, गोळीच्या जागी नाही. शिवाय निवडतानाच ज्यांचं खाणं खराब होतं असे लोक घेतले होते, गट छोटा होता, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे लोकांना माहीत होतं, त्यामुळे आशेचा पण परिणाम असणार. जो अभ्यास दाखवून तुम्ही गोळ्या बंद करायला सांगताय त्यातलेच बहुतेक लोक गोळ्या खात होते, हे वाचल्यावर मला हसावं की रडावं कळेना. जेवणाऐवजी सप्लिमेंट घेतो म्हणणाऱ्यांसाठी: युरोपात हजारावर लोकांपैकी निम्म्यांना वर्षभर ओमेगा-३, फॉलिक ॲसिड, व्हिटॅमिन डी वगैरे देऊन पाहिलं, २०१९ ला निकाल आला, डिप्रेशन टळलं नाही. आणि ह्या गोळ्या विकून मला मार्जिन मिळतं तरी सांगतेय.

आणि खाण्याचा आपल्याकडे जो खरा प्रश्न आहे त्याबद्दल पोस्टमध्ये एक अक्षर नाही. चहा. उपाशीपोटी दोन, ऑफिसात चार, पाहुणे आले की अजून एक, आणि मग छातीत धडधड होतेय म्हणून माझ्याकडे गोळी मागायला. कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात, संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकराला अर्धा अंगातच असतो. पॅनिक अटॅक येणाऱ्यांना चाचणीत पाचेक कप कॉफीइतकं कॅफिन एकदम दिलं तर निम्म्या लोकांना अटॅक आला, निरोगी लोकांत शंभरात दोघांनाही नाही. तसंच सकाळचा नाश्ता टाळून दोन वाजता जेवणारे, काहींची साखर उतरली की हात कापतात, घाम येतो, जीव घाबरा होतो, आणि त्यांना वाटतं टेन्शन आलंय.

आणि व्हिटॅमिन बी-१२. पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांच्या टीमने ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं तेव्हा ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी निघालं. भाज्या-डाळीत ते नसतंच, दूध-दही, अंडी, मांस-मासे ह्यातूनच मिळतं. डायबिटीसची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर अजून कमी. मग थकवा, पायाला मुंग्या, विसरायला होणं, चिडचिड, उदास वाटणं. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडचं पण तसंच. साधी रक्ततपासणी आहे, पण "बी-१२ तपासा" लिहिलं तर फॉरवर्ड कोण करणार, केळ्याचा फोटो कसा छान पिवळा दिसतो.

त्या काकू तीन आठवड्यांनी आल्या. चक्कर येते, झोप नाही, मान वळवली की डोक्यात करंट मारल्यासारखं होतं, गॅसची गोळी द्या म्हणाल्या. तो गॅस नव्हता. डिप्रेशनची गोळी एकदम तोडली की होतं तसं, म्हणून तर डॉक्टर ती हळूहळू कमी करत आणतात. मी काही दिलं नाही, त्यांच्या मुलाला फोन करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. आता आठवड्यातून एकदा दिसतात, बऱ्या आहेत.

राहिलं मीठ. पोस्टमधली सगळ्यात साधी वाटणारी ओळ, आणि मला सगळ्यात जास्त भीती तिचीच वाटते. बायपोलरसाठी (मूड कधी फार वर तर कधी फार खाली जाण्याचा आजार) ज्यांना लिथियमची गोळी चालू आहे त्यांनी मीठ एकदम तोडलं, किंवा कडक उपवास केला आणि पाणीही नीट प्यायलं नाही, तर लिथियम शरीराबाहेर जायचं कमी होतं, रक्तात साठतं आणि विषबाधा होऊ शकते. हात जास्त थरथरणं, जुलाब, तोल जाणं, बोलणं जड होणं असं काही दिसलं तर ग्रुपवर विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आणि बाकी कुणाला गोळ्यांबद्दल शंका असेल आणि डॉक्टरकडे जायला संकोच वाटत असेल तर सरकारच्या टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे १४४१६, फुकट, रात्री पण चालू, मराठीत बोलतात. मी तो दुकानाच्या काचेवर चिकटवलाय.